विश्लेषण : डोळ्याचा ‘कोन’ बंद होतो तेव्हा… काचबिंदूच्या झटक्याचे मूळ डोळ्याच्या ठेवणीत कसे?

रात्रीची जेवणे उरकल्यावर दिवे मालवून टीव्ही पाहत बसलेल्या पन्नाशीतल्या बाईंचे डोके अचानक ठणकू लागते. एका बाजूची भुवई, कपाळ आणि डोळा फुटेल की काय, असे वाटते. मग मळमळ आणि पाठोपाठ उलटी. घरातला पहिला अंदाज ‘पित्त खवळले’ हा, दुसरा ‘अर्धशिशी’चा. गोळी घेऊन, खोलीत अंधार करून त्या झोपायचा प्रयत्न करतात. सकाळी डोळा लालभडक आणि समोरचे सारे धुरकट. बंद कोनाच्या काचबिंदूचे रुग्ण नेत्ररुग्णालयात अनेकदा असे, मोलाचे तास वाया गेल्यावर पोहोचतात. या दुखण्याचे मूळ पोटातही नसते आणि डोक्यातही नसते. ते असते डोळ्याच्या पुढच्या भागातल्या, मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या एका कोपऱ्यात. हा कोपरा अरुंद आहे की नाही, हे झटका येण्याच्या कितीतरी आधी तपासता येते.

काचबिंदू आणि मोतीबिंदू यांत फरक काय?

नावे सारखी असल्याने दोन्हींची गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी सहसा परत येते. काचबिंदूत बिघडते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. डोळ्यातला दाब तिला पेलवेनासा झाला, की हे तंतू मरू लागतात आणि मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे काचबिंदूने गेलेली दृष्टी थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कशानेही परत मिळत नाही. सगळे उपचार असतात ते उरलेली दृष्टी टिकवण्यासाठी.

काचबिंदूचे दोन मुख्य प्रकार आहेत, खुल्या कोनाचा आणि बंद कोनाचा. दोन्हींत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो. तो कुठे आणि कसा अडतो, यात मात्र मोठा फरक आहे.

डोळ्यातले पाणी येते कुठून, जाते कुठे?

इथे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग ओला ठेवतात. हे पाणी डोळ्याच्या आत असते. डोळ्यात पुढून मागे पाहत गेले तर आधी लागतो कॉर्निया, म्हणजे पुढची पारदर्शक काच. त्यामागे पाण्याने भरलेला पुढचा कप्पा. मग आयरिस, म्हणजे डोळ्याला रंग देणारा पडदा. या पडद्याच्या मधोमध असलेले गोल छिद्र म्हणजे बाहुली. आणि पडद्याला पाठीमागून जवळजवळ टेकलेले असते ते भिंग.

आयरिसच्या मागे, कडेला असलेल्या सिलियरी बॉडी या भागातून हे पाणी अखंड पाझरत असते. त्याचा वेग असतो मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर. म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडतो तेवढा एक थेंब जमायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. कॉर्निया आणि भिंग यांत रक्तवाहिन्या नसल्याने त्यांचे पोषण हेच पाणी करते. भिंग आणि आयरिस यांच्यातल्या फटीतून ते बाहुलीशी येते, बाहुलीतून पुढच्या कप्प्यात उतरते आणि तिथल्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून गाळून निघत अखेर रक्तात मिसळते. पुढच्या कप्प्यात एका वेळी जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावते आणि ते दीड-दोन तासांत पूर्ण बदलते. जितके पाझरते तितकेच बाहेर पडते, तोवर डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर या मर्यादेत राहतो.

‘कोन’ म्हणजे नेमका कुठला?

कॉर्निया घुमटासारखा वक्र आहे आणि आयरिस त्याखाली अंथरलेल्या पडद्यासारखा. घुमटाची कड आणि पडद्याची कड जिथे मिळते, तिथे चिंचोळा कोपरा तयार होतो. तोच हा ‘कोन’. डोळ्याभोवती तो पूर्ण वर्तुळात फिरतो आणि पाणी गाळणारी जाळी याच कोपऱ्यात बसवलेली असते.

घरातल्या मोरीचे उदाहरण घेतले तर दोन्ही प्रकारांतला फरक चटकन कळतो. मोरीच्या जाळीत गाळ साचून पाणी हळूहळू तुंबते, तसा खुल्या कोनाचा काचबिंदू. तिथे जाळीपर्यंतची वाट मोकळी असते, जाळीच नीट काम करत नसते. बंद कोनाच्या प्रकारात जाळी सुरुवातीला चांगली असते, पण तिच्यावर ओले फडके येऊन बसावे तसा आयरिसचा पडदा येऊन बसतो. फडके लगेच उचलले तर पाणी पूर्ववत वाहू लागते. फार काळ तसेच राहिले तर पडदा जाळीला चिकटून बसतो आणि जाळीही कायमची खराब होते. उपचारात वेळेला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

पडदा जाळीवर जाऊन बसतो कशामुळे?

या अडथळ्याची सुरुवात बहुतेकदा कोपऱ्यात नव्हे, तर मध्यभागी, बाहुलीपाशी होते. आयरिस आणि भिंग यांच्यातली फट मुळातच अरुंद असेल तर मागचे पाणी बाहुलीतून सहज पुढे येत नाही. ते आयरिसच्या मागे साठते. मागचा दाब पुढच्यापेक्षा वाढतो आणि वारा भरलेल्या शिडासारखा आयरिसचा पातळ पडदा पुढे फुगतो. फुगताना त्याची कड कोपऱ्यातल्या जाळीला टेकते. वर्तुळाच्या मोठ्या भागात असे घडले, की निचरा थांबतो. पाणी पाझरणे मात्र सुरूच असते. मग काही तासांतच दाब ५०-६० पर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो.

काही डोळ्यांची रचना आणखी वेगळी असते. त्यांत सिलियरी बॉडीच थोडी पुढे सरकलेली असते आणि ती आयरिसची कड मागून वर रेटते. या ठेवणीला ‘प्लॅटो आयरिस’ म्हणतात. इथे दोष फक्त बाहुलीपाशी अडलेल्या पाण्याचा नसल्यामुळे नेहमीचा लेझर उपचार पुरा पडत नाही.

धोका कोणत्या डोळ्यांना?

बंद कोन हा बराचसा जागेच्या टंचाईचा प्रश्न आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो आणि पुढच्या कप्प्याची खोली असते ३ मिलिमीटरच्या आसपास. ज्यांचा डोळा लांबीला कमी आणि पुढचा कप्पा उथळ, त्यांच्या कोनाला मुळातच जागा कमी मिळते. खोली अडीच मिलिमीटरच्या खाली असेल तर धोका वाढतो.

त्यात वय भर घालते. भिंग आयुष्यभर थोडे थोडे जाड होत जाते. विशी ते साठी या काळात ही वाढ पाऊण मिलिमीटरच्या घरात जाऊ शकते. घर तेवढेच आणि कपाट मात्र दरवर्षी थोडे फुगते, असा हा प्रकार. तरुणपणी पुरेशी असलेली जागा पन्नाशी-साठीत अपुरी पडू लागते ती यामुळे. स्त्रियांच्या डोळ्याचा पुढचा कप्पा सरासरीने उथळ असल्याने त्यांना धोका जास्त. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तरीही जास्त. जगभरातील बंद कोनाच्या काचबिंदूचे बहुसंख्य रुग्ण आशियात आहेत.

चष्म्याचा नंबरही काही सांगतो. दूरचे पाहण्यासाठी प्लस नंबर लागणारा डोळा सहसा लांबीला लहान असतो. मात्र चाळिशीनंतर केवळ वाचण्यासाठी लागणारा प्लस नंबर वेगळा. तो जवळपास सगळ्यांनाच लागतो आणि त्यावरून कोनाचा अंदाज येत नाही. मायनस नंबरचे डोळे बहुधा मोठे असल्याने तिथे हा धोका कमी असतो, पण अजिबात नसतो असे नाही.

अंधार आणि औषधे यांचा काय संबंध?

अंधारात बाहुली मोठी होते. पडद्याचे छिद्र रुंदावले की त्याचे कापड कडेला, म्हणजे नेमके कोनाच्या बाजूला गोळा होते. बाहुली अर्धवट उघडलेली असते तेव्हा आयरिस भिंगाला अधिक घट्ट टेकते आणि पाणी अडण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणूनच मुळात अरुंद कोन असलेल्यांना संध्याकाळी, चित्रपटगृहात किंवा मानसिक ताणाच्या वेळी झटका येऊ शकतो. कोन रुंद असलेल्या माणसाने अंधारात टीव्ही पाहिला म्हणून त्याला हा आजार होत नाही.

बाहुली मोठी करणारी औषधेही हेच करू शकतात. सर्दीची आणि ॲलर्जीची काही औषधे, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, पोटात मुरडा आल्यावर दिली जाणारी काही औषधे आणि दम्यासाठी नेब्युलायझरमधून दिले जाणारे इप्राट्रोपियम ही त्यांची उदाहरणे. ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ ही औषधाच्या वेष्टनावरची सूचना मुख्यत्वे अरुंद कोनाच्या, उपचार न झालेल्या डोळ्यांसाठी असते. अडचण अशी, की ज्यांच्यासाठी ती लिहिलेली असते त्यांना आपला कोन अरुंद असल्याचे बहुधा माहीतच नसते.

टोपिरामेट या औषधाची गोष्ट निराळी आहे. ते फिट्सवर आणि अर्धशिशीवरही दिले जाते. क्वचित त्यामुळे डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येऊन भिंग आणि आयरिस दोन्ही पुढे ढकलले जातात आणि बहुधा दोन्ही डोळ्यांचे कोन एकाच वेळी बंद होतात. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अचानक धूसर दिसू लागले तर डॉक्टरांना तातडीने कळवायला हवे.

झटका ओळखायचा कसा?

एका डोळ्यात आणि त्याच बाजूच्या कपाळात तीव्र वेदना, डोळा लाल, नजर धुरकट, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये, सोबत मळमळ किंवा उलटी ही याची लक्षणे. वाढलेल्या दाबाने कॉर्नियात पाणी शिरते, म्हणून तो धुके धरलेल्या काचेसारखा होतो आणि वलये दिसतात. बाहुली मध्यम आकारात अडकून बसते आणि टॉर्चच्या उजेडातही आकसत नाही. उलट्यांचा जोर इतका असतो, की रुग्ण आणि कधी डॉक्टरही पोटाचा विकार समजून बसतात.

अशा वेळी सकाळची वाट न पाहता डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. तपासणाऱ्या डॉक्टरांना केवळ ‘डोके दुखते, उलटी झाली’ असे न सांगता ‘डोळा लाल आहे, नजर अंधुक झाली आहे, दिव्याभोवती वलये दिसतात’ हेही आवर्जून सांगावे. घरात पडून असलेले डोळ्याचे थेंब घालू नयेत. रुग्णालयात थेंब, ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि गरज पडल्यास शिरेतून मॅनिटॉल देऊन आधी दाब उतरवतात. त्यानंतर मूळ अडथळा दूर करतात. दोन्ही डोळ्यांची ठेवण सहसा सारखी असल्याने न दुखणाऱ्या डोळ्यावरही उपचार करावा लागतो. तो टाळला तर पुढे तिथेही झटका येण्याची शक्यता मोठी असते.

वेदना नसतील तर निश्चिंत राहावे का?

नाही. बंद कोनाच्या काचबिंदूच्या बहुतेक रुग्णांना असा मोठा झटका कधी येतच नाही. कोन थोडा थोडा करून बंद होत जातो, पडदा जाळीला जागोजागी चिकटतो, दाब हळूहळू चढतो आणि कडेची नजर नकळत कमी होते. समोरचे नीट दिसत असल्याने शंकाही येत नाही. काहींना संध्याकाळी डोके दुखते, दिव्याभोवती वलये दिसतात आणि झोपून उठल्यावर सारे ठीक होते. झोपेत बाहुली लहान होते आणि कोन तात्पुरता मोकळा होतो. पण ‘झोपल्यावर बरे वाटले’ म्हणून हे लक्षण सोडून दिले जाते.

डॉक्टरांना हा कोन दिसतो कसा?

समोरून पाहून तो दिसत नाही. कोपऱ्यातून निघालेले प्रकाशकिरण कॉर्नियाच्या पृष्ठभागावर इतके तिरके आदळतात, की बाहेर हवेत न पडता आतच परावर्तित होतात. पोहणाऱ्याने पाण्याखालून तिरके वर पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, तसेच हे. म्हणून डोळा बधिर करून, छोटे आरसे असलेली एक लेन्स कॉर्नियावर टेकवली जाते. या तपासणीला ‘गोनिओस्कोपी’ म्हणतात. तिला काही मिनिटे लागतात, ती दुखत नाही आणि ती खोलीत अंधार करूनच करावी लागते, कारण प्रखर उजेडात बाहुली आकसते आणि अरुंद कोनही रुंद भासतो.

कोन पाहता येण्याआधीच त्यावरचा उपचार सापडला होता. बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी आयरिसचा तुकडा कापून काढल्यास काचबिंदूच्या काही रुग्णांचा दाब उतरतो, हे १८५७ मध्ये मांडले. तो नेमका का उतरतो, हे तेव्हा उलगडले नव्हते. अमेरिकेतले एडवर्ड करन यांनी १९२० मध्ये पाणी बाहुलीपाशी अडते, ही कल्पना पुढे आणली. सॅन फ्रान्सिस्कोचे ऑटो बार्कन यांनी १९३८ मध्ये कोन पाहून काचबिंदूची खुला आणि अरुंद कोन अशी विभागणी केली. एकच शस्त्रक्रिया काहींना लागू पडते आणि काहींना नाही, याचे उत्तर तिथे मिळाले.

लेझरने छिद्र पाडले की काम झाले?

ग्रेफ यांनी सुरीने केले तेच आज लेझरने होते. आयरिसच्या कडेजवळ अगदी बारीक छिद्र पाडतात. मागचे पाणी बाहुलीवर अवलंबून न राहता या आडवाटेने पुढे येते, फुगलेला पडदा सपाट होतो आणि कोन उघडतो. त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. नंतर काही काळ दाब वाढणे, थोडे रक्त येणे, क्वचित प्रकाशाची रेघ दिसणे असे त्रास होऊ शकतात. छिद्रानंतरही तपासण्या चुकवून चालत नाही. प्लॅटो आयरिस असेल किंवा पडदा आधीच चिकटला असेल, तर दाब पुन्हा चढू शकतो.

मग कोन अरुंद दिसला की प्रत्येकाने छिद्र पाडून घ्यावे का? यावर दोन अभ्यासांतली आकडेवारी बोलकी आहे. तामिळनाडूतील वेल्लोरमध्ये केवळ अरुंद कोन असलेल्या ५० जणांची पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. त्यांतल्या ११ जणांचा आजार पुढच्या टप्प्यात गेला होता. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट चीनमधील ग्वांगझू शहरात ८८९ जणांच्या एका डोळ्यात लेझरने छिद्र पाडून दुसरा डोळा तसाच ठेवला गेला. सहा वर्षांत उपचार केलेल्या १९ आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत आजार पुढे सरकला. लेझरने धोका जवळजवळ निम्म्यावर आला, पण मुळात तो धोकाच कमी होता. त्यामुळे सरसकट सर्वांना लेझर करू नये, असा निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला.

म्हणून निर्णय माणसागणिक बदलतो. घरात काचबिंदू असेल, मधुमेहामुळे बाहुली मोठी करून वारंवार तपासणी करावी लागत असेल, किंवा रात्री झटका आला तर नेत्ररुग्णालय गाठायलाच कित्येक तास लागतील अशा गावात राहणे असेल, तर छिद्र पाडून घेण्याकडे कल असतो. इतरांना दरवर्षी तपासणी पुरू शकते.

भिंग काढणे हा उपाय कितपत योग्य?

जागेची टंचाई करणारे फुगलेले भिंगच काढले तर? जाड नैसर्गिक भिंगाच्या जागी पातळ कृत्रिम भिंग आले की पुढचा कप्पा खोल होतो आणि कोन रुंदावतो. ‘ईगल’ या चाचणीत पाच देशांतील पन्नाशीपुढच्या ४१९ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांना मोतीबिंदू नव्हता, पण कोन बंद होऊन दाब बराच वाढलेला किंवा काचबिंदू झालेला होता. अशा रुग्णांत सुरुवातीलाच भिंग काढणे हे लेझरपेक्षा सरस ठरले. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही डोळ्याच्या आत होणारी शस्त्रक्रिया आहे आणि फक्त कोन अरुंद असलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ ही आपल्याकडची जुनी सवय मात्र इथे महागात पडू शकते. फार पिकलेले, फुगलेले भिंग आयरिसला पुढे ढकलून कोन बंद करू शकते. तेव्हा मोतीबिंदूसोबत काचबिंदूचेही दुखणे पदरी पडते.

तपासणीच्या वेळी काय विचारावे?

चाळिशीचा चष्मा लागतो तेव्हा अनेक जण वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा डोळे तपासतात. ही तपासणी बहुतेकदा चष्म्याच्या दुकानात, नंबरापुरती होते. नंबर काढताना कोन दिसत नाही. डोळ्याचा दाब त्या दिवशी नॉर्मल आला तरी कोन रुंद आहे, असे सिद्ध होत नाही, कारण कोन बंद होईपर्यंत दाब नॉर्मलच राहू शकतो. म्हणून चाळिशीत एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ‘माझ्या डोळ्याचा कोन खुला आहे का?’ हा प्रश्न विचारावा. घरात कोणाला काचबिंदू असेल किंवा दूरचा प्लस नंबर असेल, तर ‘गोनिओस्कोपी करायची गरज आहे का?’ हेही विचारावे. कोन अरुंद निघाला तर ती नोंद जपून ठेवावी आणि सर्दीच्या गोळीपासून भूल देण्यापर्यंत प्रत्येक डॉक्टरला ती दाखवावी. घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनीही कोन तपासून घ्यावा. डोळ्याची ठेवण बदलता येत नाही, पण ती आधी कळली तर गेल्यावर परत न येणारी दृष्टी वाचवता येते.